भरल्या टाकीची पूजा

देवाच्या खोलीत जाळ जमिनीवरून पळून राहिला होता. दिव्यापासून निंगाला तं सरळ पंपाकडं, निळा निळा, आन पंपाच्या बाजूले माही दीड वर्साची पोरगी चटईवर बसून बुंदी खाऊन राहिली होती. मी तिले एका हातानं उचललं आन अंगणात पळाली. सासू आतच राहिली.

दसरा होता. आमच्याकडं दसऱ्याले अवजारं धुवून पुजतात. विळा, कुऱ्हाड, आन आता संत्र्यावर फवाराचा पाठीवरचा पेट्रोल पंपही. सासू म्हणे, "देवापुढं रिकामं ठेवू नाई बाई, टाकी भर." मी देवाच्या खोलीतच भराले बसली. खिडकी नाई, दार लोटलेलं. कॅननं पेट्रोल ओतता ओतता पार काठापर्यंत भरली, तं वरून सांडलं. ते मी पदरानं पुसलं. वास येऊन राहिला होता, मले वाटलं अगरबत्तीनं जाईन. अगरबत्ती लावाच्या आधी सासूनं दिवा लावला.

मंग तिनं बादलीभर पाणी फेकलं. पाण्यानं कायचं इझते, पेट्रोल पाण्यावर तरंगत जळतच उंबऱ्यापर्यंत आलं. माहे मालक गोठ्यातून दौडत आले, सासूले ओढून बाहेर काढलं. संडास बांधाले रेती आणली होती, ती घमेल्यानं टाकली, तवा इझलं. सासूचे दोन्ही पाय पोळले. आन पेट्रोलचा पदर माह्या अंगावर होता, त्यातच पोरगी गुंडाळली होती, हे मले अंगणात वास आल्यावर समजलं. मी पदर ओढून पोरीच्या अंगावरून काढला.

सौंसरच्या दवाखान्यातून आल्यावर सासू खाटेवरून म्हणे, "लेक दिसली तुले, मी नाई दिसली."

"आई, माहे हात भरले होते न."

"एकच भरला होता. एक तं रिकामा होता."

आता आम्ही लागते तेवढंच पेट्रोल आणतो. कॅनचं झाकण घट्ट लावून घरापासून दूर टिनाच्या खोलीत ठेवतो, पोरीचा हात पुरत नाई तिथं. फवारून आले का पंप पूरा थंडा होऊ देतो, मंग बाहेर उघड्यावर चाडी, म्हणजे नरसाळं, लावून भरतो, काठापासून चार बोटं कमी. बिडी पेटवून आलेल्याले तं मी फाटकातूनच वापस पाठवतो.

औंदा दसऱ्याले मी पंप रिकामाच अंगणात ठेवला. हळद-कुंकू लावलं, वर बगीच्यातलं संत्रं ठेवलं, दिवा नाई.

"रिकाम्याले कोणी पुजते काय वं?" सासू म्हणे. तरी लंगडत आली, कुंकू लावलं. मंग माह्याकडं न पाहता म्हणे, "आज लागली आग तं कोणाले नेशीन?"

पोरगी माह्या कडेवर होती.

तुम्ही असते तं काय केलं असतं, सांगा बरं?