उपास आणि पारणे

नव्वदीच्या दशकात तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचे दुसरे दुकान निघाले आणि नव्या कंपन्यांच्या रंगीत गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागल्या. माझ्या पत्नीला मधुमेह होता. पायाच्या ज्या बोटात जोडवे, त्याच बोटाला जखम झाली होती. ती चिघळली की पत्नी गोळ्या मागवी, सुकली की थांबवी. गोळी जेवणावर घ्यायची असल्याने उपासाच्या दिवशी तीही बंद. आणि उपास आठवड्यातून दोन तरी असत. वर्षभर असे चालले. मग त्या गोळीने गुण येईना. जोडवे काढून देवघरातल्या डबीत ठेवावे लागले, आणि शल्यचिकित्सक बोट कापण्याची भाषा बोलू लागले.

समोरच्या घरची मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात जंतुशास्त्र शिकवीत असे. तिने जखमेतला स्राव कापसाच्या काडीवर नेला आणि दोन दिवसांनी मला प्रयोगशाळेत बोलावले. काचेच्या बशीत जंतूंची फिकट साय धरली होती. तिच्यावर दारातल्या कोलम-रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या निरनिराळ्या औषधांच्या चकत्या. एकाच चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ होते. बाकीच्यांना, आमच्या गोळीच्या चकतीलाही, साय बिलगून वाढली होती.

इतक्या लवकर हे जीव शिकले कसे, असे मी विचारले.

"शिकत नाहीत, मामा. लाखांत एखादा आधीच वेगळा असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो. पुढची सगळी प्रजा त्याची."

जन्मभर मी व्याकरण शिकवले. आधी नियम, मग त्याला बाधणारा अपवाद.

"म्हणजे अपवादाचाच नियम झाला," मी म्हणालो.

हे उद्या वर्गात सांगते, असे ती म्हणाली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाच्या ठायी भगवंताने तगण्याची केवढी शक्ती ठेवली, आणि ती वाचण्याची दृष्टी या मुलीच्या ठायी! मी त्या बशीला मनोमन नमस्कार केला.

संध्याकाळी तिने घरी येऊन वर्तुळाचे औषध समजावले. एकही वेळ चुकवायची नाही. एकादशीलाही का, असे पत्नीने हळूच विचारले.

"मामी, उपास तुम्ही करता, पारणं ते जंतू फेडतात."

पत्नी हसली नाही. एकादशीला तिने पूजा आटोपली, देवापुढे बसूनच वाटीभर दहीभात खाल्ला आणि गोळी घेतली.

"आज उपास त्यांना," ती म्हणाली.

बोट राहिले. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर तिने देवघरातली डबी मागितली.