मुमताजबरोबरचा शेवटचा डाव

आज रविवार. जळगावच्या घरी हजर: मी, लेक आणि तिच्या टेबल टेनिसच्या बॅटला चिकटवायचं लांब दाण्यांचं नवं रबर. सोल्युशनची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मी धुळ्यात, देवपूरच्या हॉलमध्ये पोहोचले.

समोर माझी मैत्रीण मुमताज. लग्न होऊन ती सुरतेला निघाली होती, म्हणून हा आमचा शेवटचा डाव. खिडकीतलं तिरपं ऊन टेबलावर पसरलेलं, त्यात धूळ तरंगत होती. माझ्या बॅटलाही असंच रबर होतं; टेबलाजवळ राहून मी नुसता ब्लॉक केला, चेंडू फक्त अडवला, तर या रबरावरून गेलेला चेंडू तिला कधीच झेपत नसे. डाव चटकन संपला असता. मी मात्र मागे सरकले आणि चेंडू खाली कापत, चॉप करत राहिले.

"पोरी, मांगे का जास? ब्लॉक कर," आम्हाला शिकवणारे आबा करवादले.

"राहू द्या आबा, तिला चालायचा व्यायाम हवाय," मुमताज म्हणाली.

चेंडू संथपणे जायचा, संथपणे यायचा. कोण जिंकलं ते आठवत नाही. डाव मीच लांबवला, असं इतकी वर्षं धरून चालले होते. आज जाणवलं, माझे कितीतरी चेंडू उंच, सोपे गेले होते आणि मुमताजने एकही स्मॅश मारला नव्हता.

तिला फोन करून हे विचारायचं अजून राहिलंय.