तायड्यांचं रगत हिरवं राहिलं

देवराव तायडे अमरावतीच्या दवाखान्यात रक्त तपासत. माणूस भेटला की तोंडाआधी त्याच्या नखांकडे बघायची त्यांना खोड होती. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला ते सांगत, "पालेभाजी खात जा, नखं पांढरी पडून राहिली तुमची." त्यांची बायको चतुराबाई म्हणे, "यायले माणूस दिसतच नाई. थेंब दिसते नुसता."

देवराव अकोल्याच्या जुन्या शहरातले. छप्पन साली घरानं धम्मदीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोकरी लागली. घरातला पहिला सरकारी माणूस. त्याचा मान म्हणून खाकी शर्टाला रोज कडक इस्त्री असे, आणि ती मोडू नये म्हणून देवराव जीपमध्येही पाठ न टेकता बसत.

जीप मिळाली पासष्ट साली. आदल्या हंगामात तिवशाकडे कपाशीवर नवं औषध फवारताना दोन माणसं शेतात कोसळली होती. त्यातला एक घरी परत आलाच नाही. म्हणून दवाखान्यात जीपबरोबर एक पेटी आली. तिच्यात काचेच्या नळ्या, निळं रंगपाणी आणि रंग ताडून पाहायची चकती होती. देवराव गावोगाव ती पेटी उघडून समजावत, "आपल्या रगतात एक सत्त्व असते. हे औषध त्याले खाते. सत्त्व शाबूत असलं तर हे निळं पाणी अर्ध्या घंट्यात पिवळं होते. खाल्लं गेलं असलं तर हिरव्यावरच अडते. माणसाले चक्कर यायच्या आधी नळीले समजते."

तुलना करायला रोज एका निरोगी, फवारणी न करणाऱ्या माणसाचा थेंब लागे. ड्रायव्हर नत्थुजीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "साहेब, मी इस्टेरिंग धरतो. सुई धरणं माह्या कामात नाई." मग देवराव स्वतःचंच बोट पुढे करत. हजारो बोटं हसतहसत टोचलेला हा माणूस आपल्या बोटाच्या वेळी डोळे गच्च मिटून घेई. गावातल्या बाया ते बघायला मुद्दाम थांबत.

तिवशाजवळच्या एका गावात देवीदास माळी राहत. स्वतःच्या वांग्यांवर आणि गावभरच्या कपाशीवर ते नवं औषध देवीदासच फवारत, उघड्या अंगानं, अनवाणी. त्यांची नळी हिरवी राहिली.

"देवीदासभाऊ, पंधरा दिवस पंपाले हात लावू नका," देवराव म्हणाले.

"काहून?"

"रगत उतरलं तुमचं."

"मले काई होऊन नाई राह्यलं. सकाळी चार भाकरी खाल्ल्या. तुमचं पाणीच शिळं असन."

त्यांची बायको गंगूबाई मागून म्हणाली, "भाऊ, पाच खाल्ल्या. पन हात थरथरतेत यायचे. चहा सांडते रोज." देवीदासांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं कोर्टात साक्ष फिरवली.

ते काही ऐकेनात. तेव्हा देवरावांनी ठरवलं, आपणच फवारून दाखवायचं. नाकाला फडकं बांधलं, पंप पाठीवर घेतला, आणि वाऱ्याकडे पाठ कशी करायची, हात कसे धुवायचे, हे बांधावरच्या लोकांना सांगत ते कपाशीच्या ओळींमधून चालू लागले. तो आठवडाभर तपासणी बाजूला ठेवून त्यांनी पाच गावांत हा कार्यक्रम केला. लोक जमत, देवरावांना चढ येई, दोन ओळींच्या जागी दहा होत. पंप मात्र गळका होता. दौऱ्यावरचा एकुलता शर्ट रोज पाठीवर भिजे आणि वाळे. बदलायला दुसरा इस्त्रीचा शर्ट बरोबर नव्हता, आणि चुरगळलेला शर्ट घालून लोकांसमोर उभं राहणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

पुढच्या सोमवारी, घरी न जाता, ते पुन्हा देवीदासांच्या ओट्यावर बसले. आधी आपला थेंब टाकला. अर्धा तास झाला, नळी पिवळी होईना. पाऊण तास झाला. ओट्यावरची माणसं घड्याळाऐवजी देवरावांच्या तोंडाकडे पाहू लागली.

"पाणी बिघडलं वाटते," देवराव पुटपुटले.

"म्या तेच म्हनलं होतं," देवीदास म्हणाले.

देवरावांनी नवी बाटली फोडली. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी नत्थुजीकडे पाहिलं. नत्थुजी जीपकडे निघाला होता. गंगूबाईनं त्याला मनगटाला धरून आणलं. त्याचा थेंब पडला आणि वीस मिनिटांत नळी हळदीसारखी पिवळी झाली.

देवरावांचा हात आपसूक पाठीवर गेला. कापड अजून कडक लागत होतं, आणि ते इस्त्रीमुळे नव्हतं. देवरावांनी मनातच सगळं अंग चाचपून पाहिलं. चक्कर नाही, मळमळ नाही, सकाळी जेवणही व्यवस्थित झालेलं. मले तर काहीच होऊन नाई राह्यलं, असं त्यांच्या ओठांवर आलं, आणि तिथंच थांबलं. हे वाक्य त्यांनी याच ओट्यावर ऐकलं होतं.

गंगूबाईनं बादलीभर पाणी आणि साबण आणून ठेवला. "शर्ट काढा, भाऊ. आंघोळ करा आदी."

देवीदासांचा सदरा घालून देवराव बाहेर आले. तो त्यांना गुडघ्यापर्यंत होता. देवीदास गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तायडेसाहेब, पंधरा दिवस पंपाले हात लावू नका."

"नाई लावत," देवराव म्हणाले. "पन तुमी?"

देवीदासांनी जरा वेळ नळ्यांकडे पाहिलं. दोन हिरव्या, एक पिवळी. "तुमच्यासारख्या आठच दिवस पंप धरनाऱ्याचं असं होते, तर माहं काय उरलं असन," ते म्हणाले आणि पंप उचलून त्यांनी कोठ्यात टाकला. गंगूबाईनं कडी लावली आणि कुलपाची किल्ली कनवटीला खोचली.

ही हकीकत देवरावांनी अहवालात जशीच्या तशी लिहिली, स्वतःच्या नावासकट. वरच्या साहेबांनी शेरा मारला की कर्मचाऱ्यानं प्रात्यक्षिकात वाहवत जाऊ नये. चतुराबाईनं पंधरा दिवस त्यांना रोज विचारलं, "आज कोनता रंग?"

महिन्यानं तपासलं तेव्हा दोघांच्याही नळ्या वेळेत पिवळ्या झाल्या. देवीदासांची देवरावांपेक्षा चार मिनिटं आधी. त्या गावात त्या हंगामात कोणीही कोसळलं नाही. श्रेय कोणाचं, यावर मात्र देवीदासांचं मत कायम होतं. तिवशाच्या बाजारात वांगी मोजताना ते गिऱ्हाइकाला सांगत, "तो तपासनीस भला माणूस. त्याले समजावता समजावता दम निघाला माहा."