शेडमधली पुण्याची गाडी

विमानतळाशेजारी राहणाऱ्या माणसाला शेजारच्या घरात काय चाललंय ते कधी धड कळत नाही. हॉलंडमधल्या आमच्या बाडहूव्हडॉर्पला सारखं डोक्यावरून विमान जायचं आणि माणसं वाक्य अर्धवट सोडून थांबायची. मग करोना आला, विमानं बंद पडली आणि मला अख्खी गल्ली ऐकू यायला लागली. तेव्हापासून किस्से इतके साठलेत की कुणाला सांगितल्याशिवाय जेवण जात नाही. सगळ्यात जास्त साठले ते कुंपणापलीकडच्या नितीन-वैशालीचे. आणि त्यातले बरेचसे एका मोटरसायकलचे.

दोघं पुण्याचे, धनकवडीचे. घरात दोघंच. नितीन आयटीतला, वैशाली त्याच्यामागून डिपेंडंट व्हिसावर आलेली. मी कराडची, बारावी शिकलेली. आमचे हे विमानतळावर कार्गोत. वैशाली मला मंगलताई म्हणते. म्हणायची.

*

पहिल्या लॉकडाऊनमध्ये नितीन मेथी आणायला गेला आणि मोटरसायकल ढकलत घरी आला.

झालं असं की इथे मोटरसायकलचे नंबर एम अक्षरानं सुरू होतात. पुढची अक्षरं, आकडे आपोआप लागत जातात. त्यात कधीकाळी एका गाडीला एमएच आणि पुढे १२ लागलं. म्हणजे सरळ पुण्याचाच नंबर. ती गाडी योहान नावाच्या एका म्हाताऱ्याच्या अंगणात गंजत उभी होती. योहान प्रामाणिक माणूस. त्यानं आधीच सांगितलं, "इंजिन चालत नाही."

नितीन म्हणाला, "इंजिन कुणाला हवंय?"

बेत असा होता की पिवळी पाटी उचकटायची आणि आपल्या कारला लावायची. नितीनच्या रहिवासी कार्डाची मुदत संपलेली, नवं कार्ड लॉकडाऊनमध्ये अडकलेलं. म्हणून गाडी वैशालीच्या नावावर केली. "फॉर्मॅलिटी आहे गं," असं तो तिला म्हणालेला मी माझ्या ओट्यापाशी उभी राहून ऐकलं.

वैशालीनं विचारलं, "आणि मेथी?"

*

मग नितीननं गाड्यांच्या ऑफिसात फोन लावला. स्पीकरवर. मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्या.

तिकडची बाई शांतपणे म्हणाली की इथे नंबर गाडीचा असतो, माणसाचा नसतो. गाडी भंगारात गेली की नंबरही गेला. दुसऱ्या गाडीला तो लागत नाही.

नितीन म्हणाला, "मी जास्त फी भरायला तयार आहे."

बाई म्हणाली, "कशाची?"

आपल्याकडे आरटीओत पसंतीचा नंबर फी भरून मिळतो, त्यासाठी माणसं रांगा लावतात, हे त्या बाईला कुठल्या भाषेत सांगणार? नितीननं फोन ठेवला आणि म्हणाला, "या लोकांना हौस म्हणून काही नाही."

*

आता त्या शेडचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

आमच्या घरांना मागे एकेक शेड असते. सायकली आणि कुदळ-फावडं मावेल एवढी. वैशालीनं त्या वसंतात तिची शेड रिकामी केली, पांढरा रंग दिला, फळ्या ठोकल्या, गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन काय कागद लागतात ते विचारून आली. घरचं इडली-डोशाचं पीठ विकायचं होतं तिला. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनाच डोसे सुचत होते, ग्रुपवर मागणी धो-धो. मोठा ग्राइंडरही आला होता. मला म्हणाली, "मंगलताई, इथे आल्यापासून पहिल्यांदा एक खोली माझी आहे."

मोटरसायकल त्या शेडमध्ये गेली. "दोनच दिवस," असं नितीन म्हणाला.

*

ग्राइंडर आला दिवाणखान्यात. तिथेच नितीनच्या मीटिंगा.

एक दिवस त्याचा मॅनेजर म्हणाला, "तुमच्याकडे रस्त्याचं काम चाललंय का?" नितीननं हात लांब करून प्लग उपटला. अर्धं वाटलेलं पीठ तसंच राहिलं.

थंडीत पीठ फुगत नाही म्हणून ती डबे बेडरूममध्ये रजईखाली ठेवायची. एकदा ते रात्रीतून इतकं फुगलं की रजईतून बाहेर आलं. नितीनचा पाय त्यात. मला हसू आवरेना, तोवर त्याचा आवाज आला, "हा तुझा टाइमपास आहे ना, तो बंद कर आता."

त्यानंतर पलीकडून डबे घासल्याचा आवाज आला.

दुपारी ग्रुपवर मेसेज आला, पिठाच्या ऑर्डरी बंद. मी भाकरी-पिठलं घेऊन गेले. "का गं?" विचारलं. म्हणाली, "पुण्याला जागा लागते ना, ताई."

त्याच आठवड्यात तिच्या पार उत्तरेतल्या ग्रोनिंगनच्या मैत्रिणीचा फोन आला. तिनं विद्यार्थ्यांसाठी छोटंसं किचन काढलं होतं, पिठाला माणूस हवा होता. वैशालीनं नितीनला विचारलं. तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "एवढ्या लांब जाणार कशानं? मला कार लागते."

*

रविवारी शेडमध्ये नितीनचा दरबार भरायचा. शाळेतल्या मित्रांचा व्हिडिओ कॉल. हा हेल्मेट घालून गाडीवर बसायचा, पाटी कॅमेऱ्यात येईल असा. पुण्याहून आरोळ्या.

एकदा कुणीतरी म्हणालं, "नित्या, एक राउंड मारून दाखव की."

इंजिन बंद आणि इथलं मोटरसायकलचं लायसन्सही नाही. त्याची परीक्षा वेगळी असते, ती हा देईना. म्हणायचा, "मी सिंहगड रोडला गाडी चालवलेला माणूस. हे काय शिकवणार मला?" मित्रांना मात्र सांगितलं, "इथे लॉकडाऊन फार कडक आहे रे."

मागून वैशाली म्हणाली, "हो ना. शेडच्या दारापर्यंतच परवानगी आहे."

पुण्यात सगळे हसले. नितीनलाही हसावं लागलं.

*

दसऱ्याला त्यानं गाडीची साग्रसंगीत पूजा केली. हळदकुंकू, तुर्की दुकानातून शोधून आणलेला झेंडू, पुढच्या चाकाखाली लिंबू. मलाही बोलावलं. नारळ फुटला, आरती झाली, आणि मग सगळे लिंबाकडे बघत उभे राहिलो. आपल्यात पूजा झाली की गाडी पुढे घेतात, लिंबू चिरडतं, तेव्हा ते काम पुरं होतं. इथे गाडी पुढे घेणार कोण?

आमचे हे म्हणाले, "ढकलू या का?"

"ढकलून चालत नाही," नितीन म्हणाला. "निघेल तेव्हा निघेल."

लिंबू तिथेच राहिलं. दिवाळीपर्यंत पिवळं, नाताळपर्यंत तपकिरी. पुढे सुपारीएवढं झालं. मी वैशालीला म्हटलं, "काढून टाक गं, दारिद्र्य दिसतं."

म्हणाली, "असू दे. माझंही तेवढंच झालंय."

*

पुढल्या उन्हाळ्यात नितीनला आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जावं लागलं. त्याच दोन दिवशी योहान मागच्या दारानं यायला लागला. तो गेला की शेडकडून पेट्रोलचा वास यायचा. वैशालीच्या नखांत काळं दिसायचं. शनिवारी ती डच क्लासला निघायची, जाड जाकीट, हातात चामड्याचे मोजे.

मी विचारलं, "डच शिकायला मोजे कशाला?"

"कडक भाषा आहे, ताई."

मला राहवलं नाही. मी ग्रुपवरच्या तिघींना फोन केले. फक्त एवढंच म्हटलं की एक म्हातारा येतो हं, नवरा नसताना. चौथ्या दिवशी ते नितीनपर्यंत पोचलं. कुंपणापलीकडून आवाज आला, "कशाला येतो तो?"

"गाडी त्याची होती. आठवण येते त्याला," वैशाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी अंगणातून हाक मारली. तिनं बघितलं आणि आत गेली. मी खूप वेळा हाक मारली नंतर. माझ्या हातचं पिठलं आवडायचं तिला.

*

दुसरा दसरा आला. विमानं पुन्हा सुरू झाली होती, दर दोन मिनिटांनी डोक्यावर.

दोन दिवस आधी योहान ट्रेलर घेऊन आला आणि ग्राइंडर घेऊन गेला. दुरुस्तीला, असं नितीनच म्हणाला मला. "चालवत नाही काही नाही, दुरुस्ती कसली करते कुणास ठाऊक."

सकाळी त्यानं पूजा केली. नवा हार, नवं लिंबू. वैशाली नव्या साडीत नव्हती, जीन्स घालून उभी होती. तिनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, मग वाकून लिंबू नीट सरकवलं, चाकाच्या बरोबर मधोमध. नितीनला बरं वाटलेलं दिसलं. मग त्याची मीटिंग होती, तो कानाला हेडफोन लावून वर गेला. मी घरी पुऱ्या तळायला गेले.

दुपारी पुण्याच्या मित्रांचा कॉल. नितीननं फोन माझ्या हातात दिला. "ताई, तुम्ही धरा. मी दार उघडतो, आधी पाटी दाखवा, मग हार."

स्क्रीनवर आठ-दहा तोंडं. त्यानं दार उघडलं.

पांढऱ्या भिंती, रिकाम्या फळ्या. जमिनीवर झेंडूच्या पाकळ्या आणि मधोमध चपटं झालेलं लिंबू, अजून ओलं.

पुण्यात एकच जल्लोष झाला. "नित्या, निघाली की रे गाडी! चालवतंय कोण?"

नितीननं मागे वळून माझ्याकडे बघितलं. फोन माझ्या हातात होता. बंद करायला हवा होता. मी केला नाही.