बेस म्हणाली, पण कोणाले?

गिटारी घ्यायच्या-विकायच्या या ग्रुपवरच्या मंडळींनो, भुताखेतावर माहा विश्वास नाही. आधी नव्हता, आज बी नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण अंगात आलं म्हणून घुमणाऱ्याले बी तोंडावर सांगत आलो, का बाबा, आधी ताल तं नीट धर. तव्हा हे लिवून राह्यलो ते कोणाले भेव दाखवायले नाही. निर्मलच्या महेशनं इथं हिंदीत लिवलं का आदिलाबादच्या म्हाताऱ्यानं बोलावून घेतलं, बेस गिटार वाजवू देला, आन् मग विकत नाही म्हणे. त्याच्याखाली तुमी लोकायनं हसायचे चेहरे टाकले. मी ते सगळे पाह्यले. म्हणून एकेक अक्षर शोधून बोटानं लिवतो. पूर्ण वाचा, मग हसा.

आधी बेसबद्दल सांगतो, कारण तुमी माणसाच्या आधी बेसच विचारता. जपानी हाय. डोक्यावरचं नाव घासून गेलं म्हणून इथले काही जण त्याले कोरियन म्हणतात, म्हणू द्या. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतला तव्हाच जुना व्हता. आवाजाचं एक बटन रेडिओचं हाय. मानेवर माह्या अंगठ्यानं लाकूड झिजून पांढरं पडलं. तारा गुळगुळीतवाल्या, फ्लॅटवाउंड, कितीक वर्षात बदलल्या नाही. इथं एकानं लिवलं व्हतं, "काका, तारा बदला, टोन मेलेला आहे." बाबा, टोन मेला नाही, मुरला हाय. मुरलेल्या लोणच्यातली फोड काढून तिथं कच्ची कैरी ठेवतं काय कोणी?

या बेसवर मी आदिलाबाद, बेला, इंद्रवेल्ली, तिकडं पांढरकवड्यापर्यंत वाजवलं. लग्न, गणपती, दुर्गा... जिथं आमची ऑर्केस्ट्रा पार्टी गेली तिथं मी मागं उभा. बेसवाला मागंच उभा राह्यते. गाणाऱ्याले हार, कीबोर्डवाल्याले टाळ्या, आन् बेसच्या चारच तारा पाहून मले एकच सवाल – "काका, तुमच्या गिटारीच्या दोन तारा तुटल्या काय?" जलमभर हाच सवाल. बेस बंद केला तव्हा मात्र लोकायले वाटायचं का काहीतरी गेलं. काय गेलं ते सांगता येत नव्हतं कोणाले.

मले ऐकणारं माणूस एकच व्हतं. माही बायको, कौसल्या. बेल्याची. मी समोरच्या खोलीत हात बसवत राहो, ती आत सैपाकात राहे. वाजवणं झालं का मी इथूनच विचारायचो, "अवं, कसं वाजलं?" आतून एकच शब्द यायचा.

"बेस."

आता तुमच्यातल्या दूरच्या लोकायसाठी सांगतो. आमच्याकडं चांगलं झालं का म्हणतात 'बेस झालं'. आन् वाद्याचं नाव बी बेस. मंग ती म्हणे ते 'चांगलं वाजलं', का 'बेस हाय, बेससारखंच वाजणार, अजून काय' – हे मले कधी समजलं नाही. एक दिवस आत जाऊन विचारलंच.

"कोणतं बेस म्हणतं तू?"

"तुमाले कोणतं पाह्यजे?"

"खरं सांग ना."

"अजी, भाकर थंडी होऊन राह्यली. बसा."

आन् हसली. झालं, तिथंच संपलं.

पण एक गोष्ट मले माहीत व्हती. बेल्याकडच्या बायायले मनातून बरं वाटलं का त्या तो शब्द लांबवतात. बेऽऽस. आंब्याच्या रसाले, लेकीच्या बाळाले, शेजारणीच्या नव्या लुगड्याले, सगळ्यायले तिनं लांबवून म्हटलं. मले आखूडच. भाजीवाल्यानं भाव सांगावा तसं तुटक – बेस.

मागच्या थंडीत ती गेली.

त्याच्यानंतर बेस खोळीतच व्हता. विलास, माहा पोरगा, बँकेत हाय. तो म्हणे, "बाबा, आता कोण ऐकून राह्यलं? एखाद्या वाजवणाऱ्याले देऊन टाका." बोलला ते खरं व्हतं, म्हणूनच लागलं. मी म्हटलं, टाक फोटो. त्यानंच या ग्रुपवर टाकला. तुमी केवढ्याले जाईल, केवढ्याले नाही, यावर किती भांडले ते मी वाचलं. रेडिओच्या बटनावरून बी तुमी भाव पाडला.

मंग महेश आला. दुपारचा. आदिलाबादजवळ मावल्याले आमचं घर म्हणजे समोर बैठक, तिच्या मागं सैपाकखोली, तिच्या मागं परसदार, आन् त्याले आतून कडी. विलास बँकेत, सून ज्योती शाळेत शिकवाले गेलेली. घरात मी एकटा. शेजारच्या घराले कुलूप.

महेश लग्नाच्या पार्टीत वाजवते. तेलुगू माणूस, माह्याशी हिंदीत बोले. बेस उलटा करून, सुलटा करून पाह्यला.

"अंकल, नेक टेढ़ा है. बटन रेडियो का है. इतने में तो नया आ जाता."

"तो नया लेव. मैंने कब रोका?"

तो हसला. अँपच्या डब्ब्याले वायर जोडला आन् अंगठ्यानं ताड ताड मारायले लागला, तुमच्या त्या स्लॅपसारखं. मी म्हटलं, "बाबू, दरवाजा ठोक रहा क्या? अंदर कोई नहीं है."

हे मीच बोललो. ध्यानात ठेवा.

मंग मी त्याच्या हातून घेऊन माही चाल दाखवली. एक गाणं संपलं, गाणारा पाणी पिऊन राह्यला, तेवढ्यात स्टेज रिकामं वाटू नये म्हणून मी एकटा वाजवायचो ती. कोण्या गाण्यातली नाही. मी बसवलेली, याच घरात. कौसल्यानं ती इतक्या वेळा ऐकली का चुकलो तं आतून भांडं आपटायची. महेशनं पाह्यलं आन् उचलली. त्याचा हात चांगला हाय, खोटं काऊन बोलू. डोळे मिटून हळू वाजवली, मी सोडतो त्याच्याहून जास्त जागा सोडून. शेवटचा सूर जाऊ देला, आन् तारांवर तळवा ठेवला.

तव्हा सैपाकखोलीतून आवाज आला.

"बेऽऽस."

मी हाललो नाही. मले वाटलं माह्याच डोक्यात आलं. म्हातारपण हाय, येते. पण महेशनं मान वळवली व्हती, सैपाकाच्या दाराकडं.

"आंटी घर में हैं? आपने बताया नहीं."

"क्या सुना तू?"

"अंदर से बोले ना. बेस."

"कैसा बोले? बोलके बता."

त्यानं बोलून दाखवलं. "बेऽऽस. ऐसा, लंबा." आन् वरून म्हणे, "आंटी को मालूम है ये बेस है? हमारे घर में तो सब गिटार बोलते."

त्याले दुसरा अर्थ माहीत असायचं कामच नव्हतं. त्यानं जे ऐकलं ते सांगतलं, बस.

मी आत गेलो. गॅस बंद. धुतलेली ताटं पालथी. परसदाराले कडी, खिडकीले जाळी. टीव्ही तिथं नाही, रेडिओ नाही, माहा फोन बैठकीत टेबलावर पडलेला. माठावरचं झाकण बी सरळ. कोणी नव्हतं.

बाहेर आलो आन् त्याच्या मांडीवरून बेस उचलला.

"नहीं बेचना."

"अंकल, भाव बढ़ाना है तो सीधा बोलो ना."

"भाव की बात नहीं."

"फिर क्या बात है? निर्मल से आया मैं, टाइमपास को?"

त्याले काय सांगू? आंटीचा हार घातलेला फोटो त्याच्याच डोक्यावर भिंतीले व्हता. त्यानं मान वर करून पाह्यलं नाही, आन् मी दाखवला नाही. रागानं गेला. महेश, तू हे वाचून राह्यला असशील तं ग्रुपवर अर्धं लिवलं तू. आवाज ऐकला ते बी लिव. मले खोटं पाडायचं असंल तं तेवढं लिवून पाड.

संध्याकाळी विलासले सांगतलं. तो म्हणे, "बाबा, तुमाले आईची आठवण आली, दुसरं काही नाही."

म्हटलं, "मले आली. निर्मलच्या माणसाले कोणाची आली?"

तो फोन पाहत बसला.

आता माहं दुखणं सांगतो. आवाज कुठून आला, हे नाही. ते तुमी शोधा, तुमी शिकलेले हाय. माहा सवाल येवढाच का तिनं लांबवून म्हटलं ते कोणाले. वाद्य माहं. चाल माही. तारा, झिजलेली मान, सगळं माहं. मी स्वतःले हेच सांगत राह्यतो का ते मलेच म्हटलं. पण हात त्याचा व्हता. इतकी वर्षं माह्या हातानं वाजलं तव्हा आखूड, आन् एका दुपारी परका माणूस येऊन बसला तं लांब.

तव्हापासून रोज दुपारी वाजवतो. तीच चाल. महेशनं सोडली तशी जास्त जागा सोडून बी पाह्यली – हो, म्या या वयात त्याची नक्कल केली. काही नाही. लांब तं जाऊ द्या, आखूड बी नाही.

ज्योती माह्या मनातलं ओळखते. परवा ताट वाढता वाढता हळूच म्हणे, "मामाजी, त्या निर्मलवाल्यायले अजून एकदा बोलावून पाह्यलं तं?"

मी ताटावरून उठलो. माह्या घरात, माह्या बायकोले ऐकवायले, मी दुसऱ्याच्या हाती बेस देऊ? आन् त्यानं वाजवला आन् ती पुन्हा बोलली, तं मंग मी कुठं बसू?

म्हणून नाही बोलावत. हे काय व्हतं ते मले त्या दिवशी समजलं नाही, आज बी समजलं नाही. वाजवणं झालं का सवयीनं तोंडातून निघते, "अवं, कसं वाजलं?" मंग तारांवर हात ठेवून थोडा वेळ बसतो. आत फ्रिज घरघर करते.

फोटो विलासले काढून टाकाले सांगतला हाय. भाव विचारू नका.