पेवातली रताळी

"शंकर पेवात उतरलाय," असं त्याचा थोरला भाऊ ज्ञानू सहज बोलून गेला आणि मी ताडकन उठले.

सत्तरच्या दशकात मी पंचायत समितीत मुख्यसेविका होते. त्या दिवशी कागलजवळच्या एका गावात, शंकरच्या अंगणात, बायकांसाठी रताळ्याचा डेमो होता. रताळं कसं पारखावं, सालीसकट का उकडावं, डोळ्यांना ते का चांगलं, असा विषय. समोरची रताळी टोकाला मऊ पडली होती. मी म्हटलं, "टणक हवीत." शंकर लगेच उठून घरामागच्या परड्यात गेला होता.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड जेमतेम माणूस शिरेल एवढं. त्यात ज्वारी वर्षानुवर्षं टिकते, म्हणून या पठ्ठ्यानं रताळीही भरली. पण ज्वारी वाळलेली असते. रताळं काढल्यावरही श्वास घेतं, आणि सडू लागलं की कोंडलेली हवा जीवघेणी होते.

"कंदील सोडला होता का?" मी विचारलं. पेव उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच उतरायचं, ही रीत तिथं सगळ्यांना पाठ.

"न्हाय. तुमी खोळंबला हुता न्हवं? पावण्यांस्नी किती बसवायचं?"

आम्ही धावलो. हाका मारल्या. आतून उत्तर नाही. नशीब, शंकरच्या कमरेला बांधलेल्या दोराचं टोक वर होतं. ज्ञानूनं पेवात पाय सोडले. मी त्याची बंडी धरली.

"सोडा बाई, भाऊ हाय माझा!"

"तू उतरलास तर दोन मढी निघतील! दोर ओढ!"

बायकाही दोराला लागल्या. माझ्या डेमोपायी माणूस गेला, एवढंच डोक्यात. तोंडाशी शंकरचे खांदे अडकले. कसाबसा वर घेतला. ओठ निळे पडले होते. त्याची बायको त्याच्या गालावर चापट्या मारत रडत होती. मग एकदम त्याला ठसका लागला, आणि ओकारी झाली.

दवाखान्यात डोळे उघडल्यावर तो म्हणाला, "बाई, रताळी ऱ्हायली की खालीच."

मी तिथंच रडले.

रताळी न धुता, हवेशीर सावलीत, टोपलीत पसरून ठेवावीत. पुढं नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक डेमो याच वाक्यानं सुरू केला. जीवनसत्त्वं नंतर. ती खायला माणूस जिवंत लागतो.