ॲशट्रे उचलण्याची रीत

त्याचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा, आणि पहिलं काम खिडक्यांचं. हॉटेलचा जेवणाचा हॉल रात्रभर बंद असायचा. दार उघडलं की आदल्या दिवसाचा धूर अंगावर यायचा, गार आणि आंबट. तो सगळ्या खिडक्या उघडायचा, पडदे झटकायचा, शिडी लावून दिव्यांच्या काचा पुसायचा. बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं. मी मागे भांडी घासायचो. ते पाणी माझ्याच मोरीत ओतलं जायचं, म्हणून खात्रीनं सांगतो. तो धूर त्याचा नव्हता. त्यानं जन्मात एक सिगारेट ओढली नाही.

आम्ही त्याला झाकणराव म्हणायचो, त्याच्या ॲशट्रे उचलण्याच्या रीतीवरून. भरलेला ॲशट्रे तसाच उचलला तर राख उडते आणि गिऱ्हाइकाच्या ताटात पडते. म्हणून स्वच्छ ॲशट्रे त्याच्यावर उपडा घालायचा, दोन्ही एकदम उचलायचे, आणि मग वरचा सुलटा करून टेबलावर ठेवायचा. ही रीत सगळ्या वेटरांना ठाऊक असते. करत कोणी नाही, कारण काम दुप्पट होतं. हा दर वेळी करायचा, गर्दी असो नसो. पोरं चिडवायची, "झाकणराव, घरी वहिनी चिडल्या की काय झाकता?"

"कान," तो म्हणायचा.

पुढे त्याला शिडी चढवेना. दोन पायऱ्यांवर थांबून खोकायचा. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि विचारलं, "दिवसाला किती ओढता?"

वहिनी सोबत होती. ती म्हणाली, "साहेब, हा माणूस उदबत्तीपासून लांब बसतो. धूर आमच्या घरी याच्या शर्टातून येतो. शर्ट मी धुते. मला विचारा."

डॉक्टरनं तो काय काम करतो ते विचारलं, आणि सांगितलं, त्या हॉलमधून बाहेर पडा, नाहीतर छाती राहणार नाही. बाहेर पडून जायचं कुठे? त्या वयाच्या वेटरला दुसरीकडे कोण ठेवतं?

त्याच सुमारास सरकार कायदा आणणार अशी बातमी आली. हॉटेल, कचेऱ्या, छप्पर असलेल्या सगळ्या जागी सिगारेट बंद. तो मोरीपाशी येऊन उभा राहिला. "म्हणजे खिडक्या पहाटेपुरत्या नाही, हॉलच दिवसभर साफ. होय ना रे?" मी होय म्हटलं. त्या दिवशी तो शीळ घालत काम करत होता. खोकल्यानं शीळ तुटायची, तो पुन्हा धरायचा.

मग मोर्चा निघाला. मॅनेजर म्हणाला, "कामगारांच्या मागण्यांसाठी जायचंय. पूर्ण दिवसाचा पगार, इस्त्रीचा गणवेश." आम्हा मागच्यांना नेलं नाही. भांडी कोण घासणार, आणि आमचे कपडे फोटोजोगे नव्हते. पुढचं त्यानंच नंतर सांगितलं. चौकात टेम्पो उभा होता. त्यातून कागदात गुंडाळलेल्या पाट्या वाटल्या आणि कागद ओढून काढले तेव्हा रांग चालू लागली होती. पाटी धरणाऱ्याला दिसते ती पाटीची पाठ. पाठ कोरी होती. झाकणराव दिसायला नीटनेटका, म्हणून पहिल्या रांगेत. "कामगारांना न्याय द्या" एवढीच घोषणा. त्यानंही दिली. खोकत दिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर त्याचा फोटो. हातातल्या पाटीवर लिहिलेलं, "बंदी आली, चूल विझली." खाली मथळा, "पोटावर पाय नको, वेटरांचा आक्रोश." खोकताना तोंड उघडं पडलं होतं, ते त्यांना आक्रोश वाटलं. त्याच पेपरचं शेवटचं पान अख्खं सिगारेट कंपनीचं. शर्यतींना बक्षिसं दिल्याबद्दल कंपनीनं स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

आम्ही दोघं पेपरच्या कचेरीत गेलो. तिथल्या माणसानं मान वर केली नाही. "फोटो तुमचाच ना, काका?"

"माझाच."

"पाटी तुमच्याच हातात ना?"

"हातात होती. मनात नव्हती."

"मग पत्र लिहा. जागा असली तर छापू."

पत्र लिहिलं. जागा नव्हती. पण "कामगारांचा विरोध" रोज नव्यानं छापायला जागा होती, आणि दर वेळी तोच फोटो.

पुढच्या आठवड्यात आमच्या भागातून निवडून आलेले साहेब जेवायला आले. यांना आम्हीच मतं दिली होती, गल्लीत नळ आणला म्हणून. सोबत सिगारेट कंपनीचा माणूस. टेबल झाकणरावचं. मी धुतलेल्या बश्या घेऊन दारात उभा होतो, म्हणून ऐकलं. कंपनीचा माणूस म्हणत होता, "कायदा करा की. आमचं कुठे काय म्हणणं आहे? फक्त हॉटेलं वगळा. कामगारच रडतायत, पेपर बघा."

झाकणराव भरलेला ॲशट्रे बदलायला आला होता. स्वच्छ ॲशट्रे हातातच राहिला. "साहेब, त्या फोटोतला माणूस मी."

साहेब खूश झाले. "वा! बघा, तुमच्याचसाठी खटपट चाललीय."

"मला बंदी हवीय. माझी छाती गेलीय. ओढली एकही नाही, आणि गेलीय. मोर्च्यात काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं."

कंपनीचा माणूस हसला. "सांगितलं तेव्हा पाटी धरलीस. आता हे बोलायला कुणी सांगितलं?"

साहेब हसले नाहीत. गोड आवाजात म्हणाले, "काका, माझ्या भागात ओढणारे भरपूर आहेत, खोकणारे थोडे. आणि खोकणारे मत द्यायला जिने चढून येत नाहीत. निवडणूक तोंडावर आहे. थोडं समजून घ्या."

झाकणरावनं स्वच्छ ॲशट्रे टेबलाच्या कडेला ठेवला. भरलेला तसाच उचलला, उघडा, झटक्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. राख साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर, ताटात, कंपनीच्या माणसाच्या तोंडावर. दोघं खोकायला लागले. तो ॲशट्रे घेऊन शांतपणे माझ्यापाशी आला आणि मोरीत ठेवला.

मॅनेजर धावत आला. "राख कुणावर उडवलीस, माहितीय?"

"माहितीय म्हणूनच."

त्याच संध्याकाळी त्याला काढलं. कायदा आला, हॉटेलं वगळून. पेपरनं लिहिलं, "समतोल निर्णय." समतोल! एका पारड्यात कंपनी, पेपर आणि मतं, दुसऱ्यात एका वेटरचा श्वास. साहेब पुन्हा निवडून आले. आमच्या गल्लीनं मतं दिली. मी नाही दिलं, पण माझ्या एकट्याच्या न देण्यानं काय होतं? पोरं मात्र अजून पहाटे त्याच हॉलच्या खिडक्या उघडतात.

हॉटेलनं त्याचा राहिलेला पगार आणि फंड दिला. वहिनीनं त्यातून श्वासाचं मशीन घेतलं. खाटेशेजारी ते घरघरत असतं, नळी त्याच्या नाकात, खिडकी सताड उघडी. परवा गेलो तेव्हा त्यानं मशीनकडे बोट केलं आणि एकेक शब्द तोडून म्हणाला, "यात मोर्च्याच्या दिवसाचा पगारपण आहे. पूर्ण दिला होता त्यांनी."